वल्हे शस्त्रांच्या पानावरून काढण्याबाबत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, गुरुदास विठ्ठल मेस्त्री, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, राहणार तोंडवली, तालुका मालवण, सोमवारी हृदयाच्या ऑपरेशनला जाण्याआधी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण आणले गेले. त्याला बधलो नाही. तपशील कलम पाचमध्ये.

१. राहते घर, मागचे सात माड व बँकेतली ठेव पत्नी रुक्मिणी हिला. तिच्यानंतर मुलगी रिया हिला.

२. पटाश्या, करवती व लहान रंधे सिद्धेश सुताराला. मोठा रंधा देऊ नये. मागे नेला तो गंजवून आणला आणि वर म्हणाला, "खाऱ्या वाऱ्याक मी काय करू?"

३. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नट उभ्या उभ्या बोलतात. म्हणून आमच्या नाटकमंडळींच्या प्रयोगांत काय घडले, ते आम्ही रसिक आमच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या वेबसाइटवर, नोंदवतो. लाकडी तलवारी-गदा मी करतो, म्हणून शस्त्रांचे पान माझ्याकडे. ऋषीचा कमंडलू शस्त्र की सामान, यावरून दोन वर्षे भांडणे झाली. रिया म्हणायची, "बाबा, आयेची विळी खंयच्या पानावर घालू?" शेवटी नियम ठरला: प्रयोगाआधी गणपतीच्या पेटाऱ्यापुढे पूजेला ठेवले ते शस्त्र. बाकी सामान. विकीचा पासवर्ड रियाला देतो.

४. यंदाच्या जत्रेत माझा धाकटा भाऊ महादू राक्षस होता, मंगेश राजा. दुपारी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते. युद्धाच्या प्रवेशात महादूने वल्हे मारले आणि मंगेशचे उजवे मनगट मोडले. गदा मोडली म्हणून हाताला लागले ते घेतले, असे महादूने सांगितले. गावच्या बैठकीत प्रश्न एकच होता: वल्हे प्रयोगातले होते का? असले तर अपघात, नसले तर मारहाण. कोणीतरी फोनवर विकी उघडली. त्याच सकाळी मी लिहिले होते: "वल्हे. शस्त्र. पूजेला ठेवलेले. वार चुकवण्यात मंगेश चुकला." बैठक उठली. मंडळींनी मंगेशला काढले.

पूजा मी मांडली होती. तीन तलवारी, दोन गदा, एक धनुष्य. वल्हे नव्हते. गदाही मोडली नव्हती. ती माझ्या माळ्यावर अखंड आहे, ती मंगेशच्या घरी पोचवावी. देवापुढे नसलेली वस्तू होती असे मी लिहिले. भावासाठी लिहिले, तरी लिहिणारा हात माझा. रियाने बाराव्याची वाट न पाहता ते पान दुरुस्त करावे आणि खोटे कोणी लिहिले तेही नावानिशी घालावे. वाचलो, तर हे काम मीच करीन.

५. महादूला काहीही देत नाही. राग म्हणून नव्हे. ज्याला मिळते त्याने साक्षीला राहू नये, आणि या कागदावर मला त्याचीच साक्ष हवी आहे. काल त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "दादा, मरताना माका बुडवतलंस?"

मी म्हटले, "मंगेश बुडालो, ता?"

"गावात तोंड खंय दाखवू?"

"देवाक दाखव. मगे गावाक."

तो चहा न घेता गेला. उद्या सकाळी दहापर्यंत न आल्यास शेजारचे धनेश पेडणेकर यांनी सही करावी.

ठिकाण: तोंडवली
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५

गुरुदास विठ्ठल मेस्त्री (सही)

साक्षीदार, दि. १४ फेब्रुवारी:
१. विनीता धनेश पेडणेकर, शिक्षिका (सही)
२. महादेव विठ्ठल मेस्त्री (सही)

दुसऱ्या ओळीत आधी घातलेले धनेश यांचे नाव खोडले आहे. गु. वि. मे.