खणातला कागद

प्रिय धाकट्या,

रविवारी तू चहा अर्धा टाकून उठून गेलास, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. घरची खबर म्हणशील तर नळ पुन्हा गळतोय आणि तुझे दाजी तो दुरुस्त करायचं सोडून नुसते बघत बसतात. आपला पोरगा गेल्यापासून त्यांनी रेडिओसुद्धा लावलेला नाही.

आठवतं, नोकरी लागल्यावर सहा महिने तू माझ्याच हाताखाली परराष्ट्र खात्याच्या आवक खिडकीवर, बाहेरून येणारे कागद घ्यायला होतास? शिक्का कायम तिरका मारायचास. मी टपली मारून सांगायचे, उजवा कोपरा, तारीख, वेळ, क्रमांक. आणि हेही मी मेलीनेच शिकवलं की नोंद झाली की कागदाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून नकोसा कागद नोंद न करता खणात टाकायचा. कुठल्याशा वकिलातीची गाड्या लावायला जागा नसल्याची तक्रार आपण दोन महिने दडवली होती. किती हसलो होतो!

आता त्याच खात्यात, तुझ्या खणात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं अटक वॉरंट पडलंय. गुरुवारी येणाऱ्या त्या राष्ट्राध्यक्षाचं. त्याच्या हुकमाने ज्या इस्पितळावर बॉम्ब पडले, तिथे तुझा भाचा लोकांच्या जखमा शिवत होता. त्याला सायकल तू शिकवलीस रे. आपल्या सरकारने त्या न्यायालयाच्या करारावर सही केली आहे, की असा माणूस इथे उतरला की धरायचा आणि न्यायालयाच्या हवाली करायचा. ते राहिलं बाजूला, तुम्ही पायघड्या घालताय! उद्या कुणी विचारलंच तर कानावर हात, कागद मिळालाच नाही. पाहुणा झाला की खून माफ होतात का?

साहेबांचा तोंडी हुकूम आहे, माझ्या हातात काय आहे ताई, असं तू रविवारी म्हणालास. खणाची किल्ली आहे की! मी थोरली असून तुझ्या पाया पडले. तू खाली मान घालून बूट चढवलेस. शुक्रवारी तो परत जाईल आणि पुन्हा कधीच हाती लागणार नाही, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली आहे.

पत्र घरी न येता कचेरीत कसं आलं, असं तुला वाटेल. तक्रारदार आई म्हणून वॉरंटची सहीशिक्क्याची प्रत मलाही मिळाली आहे. ती या पत्राला जोडून बुधवारी सकाळी मी स्वतः आवक खिडकीवर देणार आणि पोच घेणार. ती पोच घेऊन माझ्या वकीलबाई दुपारीच इथल्या न्यायाधीशांपुढे उभ्या राहतील. मग कागद मिळालाच नाही म्हणायला सरकारला तोंड उरणार नाही. पण हे पत्रही सगळे वाचतील, तुझ्या खणासकट. तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. तुला ज्या हाताने भरवलं त्याच हाताने हे लिहितेय. मला माफ करू नकोस हवं तर. सरकारी घर सोडावं लागलं तर मात्र दुसरीकडे कुठे जाऊ नका. पोराची खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच,
ताई