निरोगी माणसाचं रक्त

९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुमचा गुडघा आता बरा असेल. चष्म्याच्या दुकानातली माझी नोकरी चालू आहे. मालकांनी डोळे तपासायचं नवं यंत्र आणलंय. ते कुणालाच चालवता येत नाही, म्हणून मालक दिवसभर ते पुसत बसतात.

मंगळवारी फोनवर मी फारसं बोलले नाही, त्याचा राग मानू नका. हे शेजारीच बसले होते. हल्ली हे घरभर माझ्या मागेमागे असतात, म्हणूनच हे पत्र दुकानात बसून लिहितेय.

"वहिनी, दादाला तो आजार नाहीच. माझीच चूक झाली. तुम्हीच जपून सांगा त्याला, मला तोंड नाही," असं म्हणून तुम्ही रडलात. आज शनिवार. मी अजून सांगितलेलं नाही.

वेळच मिळाला नाही. बुधवारी दुकानात गर्दी होती. गुरुवारी यांना सर्दी. काल म्हटलं सांगावं, तर लेक आली.

हो, लेक येते आता. लग्नानंतर सहा वर्षं तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता दर शुक्रवारी येते आणि बापाच्या शेजारी बसून शब्दकोडं सोडवते. काल एक शब्द यांना आठवेना. ती म्हणाली, "असू दे बाबा, मलाही येत नाही." येत होता तिला. पूर्वी त्या कोड्याचे तुकडे झाले असते आणि वर आम्हा दोघींचा उद्धार.

तुमच्या प्रयोगशाळेची रीत मला तेव्हाच पटली नव्हती. तुलनेला निरोगी माणसं लागली की जो तो आपल्या घरची धरून आणतो. तुम्ही दादाला नेलंत. मेंदूच्या पेशी बिघडायला लागल्या की एक प्रथिन रक्तात वाढतं, विसरभोळेपणा दिसायच्या कितीतरी वर्षं आधी, हे तुम्हीच समजावलंत. निरोगी म्हणून नेलेल्या दादाचा आकडा सगळ्यांत चढा निघाला. डॉक्टरकडे पाठवायचं सोडून तुम्ही तो जेवताना सांगून टाकलात. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि आता तोच नमुना पुन्हा तपासून म्हणता, मेंदू धडधाकट आहे, मूत्रपिंडं मंद झालीत. ती ते प्रथिन बाहेर टाकत नाहीत, म्हणून रक्तात साचलं. एवढं शिकलात, मूत्रपिंडं आधी तपासायचं सुचलं नाही?

पण मी भांडायला लिहीत नाहीये. खरं तर तुमचे आभार मानायला हवेत. कसे मानू ते कळत नाही.

तुमच्या त्या आकड्यानंतर यांनी नोकरी सोडली. "एखादा बोल्ट आवळायचा विसरलो आणि लिफ्ट पडली तर?" म्हणाले. लिफ्टवाल्यांच्या टोळीत यांचं नाव 'भोंगा' होतं, ठाऊक आहे ना? तो भोंगा बंद झाला. महिनाभर हे खिडकीशी बसून होते. मग एक दिवस मी कांदा चिरत होते, तर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं विसरण्याआधी एक सांगायचंय. मी तुझ्याशी फार वाईट वागलो." मी चिरतच राहिले. दुसरं काय करणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तुमच्या एका आकड्याने गेली.

तेव्हापासून तीन वर्षं या घरात कुणी ओरडलेलं नाही. मला चहा मिळतो, वन्सं. आयता.

तुमचा फोन मी उजव्या कानाला धरते. डाव्याने ऐकू येत नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे. न्हाणीघरात पाय घसरला, असं डॉक्टरांना तुम्हीच सांगितलंत, मी तोंड उघडायच्या आत. वर मला म्हणालात, "दादा तापट आहे, पण मनाचा निर्मळ." सव्वीस वर्षं मी त्या निर्मळ मनाला घाबरून दारातल्या चपलांचा आवाज ऐकत जगले. तुमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी काही प्रथिन सापडलं नाही ना?

आता मी यांना सांगायचं, की तुमचा मेंदू ठणठणीत आहे, मरेपर्यंत सगळं आठवणार आहे, घाई नाही! मग कांदा चिरताना कोण येणार आहे माझ्यामागे?

मंगळवारी फोन ठेवला आणि मनात आलं, सांगूच नये. राहू देत आजारी. चार दिवस मी असंच ठरवून वावरले. तुम्हाला हे वाचून माझी किळस येईल, तर येऊ द्या. पण मूत्रपिंडांना औषध लागणार आणि कशासाठी ते सांगावं लागणार. मी कडू झाले असेन, माणूस मारणारी नाही.

तेव्हा सांगायला हवंच. पण मी सांगणार नाही. पत्र मिळाल्यावर तुम्हीच या, त्यांच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा. त्यांची बॅग मी भरून ठेवते; दोन सदरे नवे घेतलेत. तिथे चांगला डॉक्टर बघा, मीठ कमी घाला. आजारी माणूस मी तीन वर्षं आनंदाने सांभाळला आणि आणखी वीस सांभाळला असता. बरा झालेला तुमचा भाऊ आहे. तो तुम्ही न्या.

त्यांना परत यायचं असेल, तर दार मी उघडेन की नाही ते आता सांगत नाही. आधी साखळी लावून, फटीतून, ते माझ्याशी कसं बोलतात ते ऐकेन.

कळावे. लोभ होता, तो यांच्याबरोबरच पाठवते आहे.

आजवर तुमची वहिनी