आवळलेली मूठ

बुधवार, १४ डिसेंबर १९८३

आजही बाण डावीकडंच. मेहुण्यानं अमेरिकेहून आणलेलं हे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य घेऊन आठवडाभर मळ्यात उभा राहतोय. बाण डावीकडं गेला की धनुष्यावरची नेम धरायची पिनही डावीकडं सरकवायची, असं त्यानं दाखवलं होतं. रोज सरकवली. तरी काल वीतभर चुकला, आज चार बोटं. मग पिनच वाकडी असणार, दुसरं काय? चांदीचे पैंजण घडवणाऱ्या रसूलभाईंना हुपरीहून बोलावलं. त्यांनी चांदीच्या तारेची नवी पिन बसवली. बाण पुन्हा डावीकडं!

रसूलभाई हसले. "पैलवान, पिनला कशाला शिव्या देताय? मूठ बघा की! कुस्तीत मनगट धरल्यागत आवळलंय. आमी घुंगरू असं धरलं तर चेपून जाईल."

राग आला. पण खरं होतं. मूठ आवळली की धनुष्य वळतं, आणि रोज वेगळं वळतं. पिन मूळ जागी आणली, तळवा ढिला सोडला. चार बाण पोत्यावरच्या ठिपक्याला लागून बसले. पाचव्याला वाटलं, जमलं आता, आणि मूठ मिटली. डावीकडं.

रविवारी गावातले सगळे रानडुकराच्या शिकारीला निघतील. परवाना आहे, पण मी जाणार नाही. गेल्या साली माझ्या गोळीनं जखमी झालेलं डुक्कर दोन दिवस उसात कण्हत होतं. ते पुन्हा नको. पाचही बाण बसेपर्यंत रोज पहाटे मळ्यातच.

आत्ता बघतो तर पेनही आवळूनच धरलंय. अक्षरं पुढच्या पानावर उठलीत.