सानूनं हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं

मंगळवार, दिवेलागण. महाडचा दवाखाना.

सानूच्या हाताचं ऑपरेशन झालं, हाड बसवलं. हात बधिर करायची दोन तऱ्हेची इंजेक्शनं हायत. दुखणं जास्त वेळ कुठलं थांबवतं ते डॉक्टरीणबाई पोरांवर बघतायत. कुणाला कुठलं ते चिठ्ठी काढून ठरवतात. मी सही केली. चुकलं का माझं?

दुपारपास्नं सिस्टर येऊन तोंडांचं कार्ड दाखवते. एका टोकाला हसरं तोंड, दुसऱ्या टोकाला रडकं. "किती दुखतंय गो? बोट ठेव." सानू दरवेळी हसऱ्यावरच ठेवते. "शाणी माझी!" म्हणत सिस्टर तसंच लिहून जाते, औषध देत नाय. पण सानूचा ओठ दाताखाली हाय, कपाळ घामानं भिजलंय. पाच वर्साची पोर.

मीच पोलादपूरवरनं येताना जीपमध्ये सांगितलं, "रडलीस तर तुला तिथंच ठेवून घेतील, मी एकटी घरी जाईन." गप बसावी म्हणून. आमच्याकडं सगळ्याच आया सांगतात.

शेवटी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्या ओरडल्या नायत. खाटेजवळ बसून म्हणाल्या, "सानू, खरं सांग बाळा." तिनं माझ्याकडं बघितलं, आणि परत हसऱ्यावर बोट.

मी म्हटलं, "रड गो. मी नाय जात कुठं."

नाय रडली.

बाईंनी तरी औषध दिलं. आता डोळा लागलाय. झोपेत कण्हते. मी अंगावरनं हात फिरवला की झोपेतच ओठ दाबते, गप होते. म्हणून हात काढून घेतलाय.