फोन कोण उचलणार

कुओपिओ, ६ नोव्हेंबर २०२३

चि. इल्मारीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक ताकीद : आडवा पडल्याशिवाय पुढे वाचू नकोस. मागच्या पत्रातली बोक्याची गोष्ट तू उभ्याने वाचलीस आणि बशीसकट जमिनीवर आलास म्हणे! हसू आलं की तुझे गुडघे गळतात, म्हणून तर मी फोन न करता पत्र लिहिते. पलंगावर पडून हवं तेवढं हस.

आल्मा तीन महिन्यांची झाली. झोपते अगदी मामासारखी, म्हणजे नको तेव्हा. पुढच्या बुधवारी बाळांच्या दवाखान्यात तिला लस द्यायची आहे, आणि त्यावरून घरात रण माजलंय. आई मदतीला आली आहे. ती म्हणते, एक लेकरू दिलं त्यांना, दुसरं देणार नाही. योएल बिचारा सासूला आकडे दाखवतो. आई म्हणते, तेव्हाही असेच कागद होते, जावईबापू.

तिला तरी काय बोलू? चौदा वर्षांपूर्वीच्या त्या तापाच्या साथीत शाळेत तुला लस दिली आणि वसंतापर्यंत तू सूपच्या ताटलीत डोकं ठेवून झोपायला लागलास. हा झोपेचा आणि हसताना कोसळण्याचा आजार त्या लसीमुळे झाला, हे पुढे सरकारनेच मान्य केलं. मी तेव्हा सर्दीने घरी होते, म्हणून वाचले. अजून मनाला लागतं ते.

मला काही सुचत नाही रे. तू नको म्हणालास तर मी आल्माला लस देणार नाही. तुझा शब्द शेवटचा.

योएल नमस्कार सांगतो. लोभ आहेच, उत्तराची घाई कर.
तुझी,
साइमीताई

तुर्कू, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र आडवा पडूनच वाचलं, पण या खेपेला हसू आलं नाही. राग आला.

शेवटचा शब्द माझ्या गळ्यात का मारतेस? लसविरोधी मंडळींनी मला व्यासपीठावर बसवायला बोलावलं होतं. वर्तमानपत्रातल्या एका बाईंना मी सगळ्यांना माफ केलंय असं छापायचं होतं. मी काचघरात टोमॅटो पिकवतो आणि दुपारी त्यांच्यातच डुलकी काढतो, हे कुणालाच ऐकायचं नसतं. आता तूही त्या रांगेत?

माझा राग सुईवर नाही. आईने तेव्हा आरोग्यकेंद्रात फोन केला होता. पोरगा दिवसा झोपतो, काहीतरी बिनसलंय, म्हणाली. पलीकडून सांगितलं की वाढत्या वयाची मुलं आळशीच असतात, कॉम्प्युटर काढून घ्या. तो फोन मी विसरू शकत नाही. पण पुढे ज्या डॉक्टरांनी अशा आयांचं ऐकलं, आजारी मुलं मोजली आणि ती लस थांबवायला लावली, तीही त्याच आरोग्यखात्यातली माणसं होती. तेही मी विसरू शकत नाही. मग मी कोणत्या बाजूचा?

विचारतेसच तर सांगतो. ती लस त्या एका साथीपुरती आणलेली होती. आल्माची वेगळी आहे. डांग्या खोकल्याची लस लहानपणी आपण दोघांनीही घेतलीय, आणि तो खोकला तान्ह्या मुलांना सोडत नाही. मी असतो तर दिली असती. पण माझ्या नावावर देऊ नकोस, आणि माझ्या नावावर टाळूही नकोस. आईला बरोबर ने. नर्सला एकच विचारा : उद्या आम्ही फोन करून मूल ठीक नाही म्हणालो, तर फोन कोण उचलणार आणि काय म्हणणार?

चिडून लिहिलं, पोटात घाल. बाळाला पापा.
तुझा,
इल्मारी

कुओपिओ, १६ नोव्हेंबर

चि. इल्मारीस,
अ. आ. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. फोनचा भाग आला तशी ती उठून भांडी घासायला लागली. धुतलेलीच पुन्हा धूत होती.

काल दवाखान्यात आई अंगातला कोट न काढता बसली. नर्स हक्काराइनेनबाई लसीची माहिती सांगायला लागल्या तेव्हा आईने त्यांना तोडलं आणि तुझा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, असे त्रास फार क्वचित होतात. आई म्हणाली, ते नाही विचारलं मी. मग बाईंनी हातातलं खाली ठेवलं. काहीच होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही, म्हणाल्या. ताप बहुधा येईल. पण मूल बदललंय असं तुम्ही म्हणालात तर मी ते त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवीन, कारण मूल तुम्ही रोज बघता, मी नाही.

मग कोटाची बटणं काढून आईने स्वतःच आल्माला मांडीवर घेतलं. सुई टोचताना मी डोळे मिटले, आईने नाही. रात्री आल्माला ताप आला. आईने सकाळी फोन केला, तर बाईंनी स्वतः उचलला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. आता ताप उतरलाय.

मला फार हलकं वाटतंय, इल्मारी. खाली आईला चार ओळी लिहायच्या आहेत. काय ते मी विचारलं नाही.
तुझी,
ताई

इल्मारी बाळा,
त्या वर्षी रोज सकाळी तू सांगायचास की जाग येताना खोलीत कुणीतरी उभं दिसतं. शाळा बुडवायची थाप, असं मी म्हणायचे. त्या आजारात असं दिसतं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावरही मी कधी विषय काढला नाही. नाताळात येशील तेव्हा मला सांग, ते कोण असायचं. मी मध्ये बोलणार नाही.
आई