माहेरची वाळू

कुरुंदवाड, १६ जानेवारी २०२५

चि. राजवीर यास आक्काचा आशीर्वाद.

फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहिते. तिळगूळ सोबत हाय, पण गोड बोलायचं यंदा जमणार न्हाय.

तुझ्या फाउंड्रीत साच्यातनं उरलेली काळी वाळू मी घ्यायची, तिचे फरशीचे ब्लॉक पाडायचे, असं आपलं ठरलंतं. तुझा ढीग हलतो, मला नदीची वाळू लागत न्हाय. रसायन लावलेली वाळू तेवढी वेगळी ठेवायची, हेबी ठरलंतं की. तू दोन्ही एकत्र करून धाडतोयस. माहेरचं आलेलं परत धाडू नये, म्हणून मी गप उतरवून घेत गेले. आता ब्लॉक पाडणाऱ्या आमच्या बनाबाईच्या हाताची त्या वाळूनं सालं निघाल्यात. तिला भाकरी थापता येईना. मी गप बसले ही माझी चूक, पण तुला लाज कशी वाटली न्हाय?

आईला नमस्कार सांग. राग धर, पण उत्तर धाड.

संयोगिता

शिरोली, २० जानेवारी

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून डोकं फिरलं. फुकट वाळू नेतीस आणि वर मलाच शिव्या? दोन ढीग घालायला जागा कुठाय? आमच्याकडं कचरा उरतच न्हाय, असं मी परवा सगळ्या कारखानदारांपुढं सांगितलं. शेजारच्या फाउंड्रीचे हंबीररावबी माझ्या शब्दावर तुला वाळू देणार हायत. माझी शोभा करू नकोस. बनाबाईला हातमोजे घे, बिल मला धाड.

दाजींना नमस्कार. लोभ हाय तेवढा राहू दे.

राजवीर

कुरुंदवाड, २४ जानेवारी

राजवीर,

आशीर्वाद मागनं बघू. आज आलेली गाडी मी उतरवून घेतली न्हाय. तशीच परत लावून दिली. सासूबाई बघतच राहिल्या. हंबीररावांनाबी मीच फोन केला. त्यांच्या फाउंड्रीमागची मोकळी जागा दोघांच्या रसायनवाल्या ढिगाला चालंल म्हणाले. जागेचं रडगाणं तुझं तुझ्यापाशी ठेव. वाळू निवडून येईस्तोवर माझं काम बंद राहिलं तरी चालंल. तुझी घाण उचलायला मी बहीण झाले न्हाय.

आक्का

शिरोली, २७ जानेवारी

ती. आक्कास नमस्कार.

तू परत लावलेली गाडी दारात उभी होती. हमालांना उतरवा म्हटलं, तर केरबा म्हणाला, आक्कांनी नाकारलेल्या मालाला आमी हात लावणार न्हाय. माझ्याच दारात, माझी माणसं. लई संताप आला, तुझा पण आला. मग मीच फावडं घेऊन चढलो, दुपारपतुर डोळं चुरचुरायला लागलं.

उद्यापासनं ढीग वेगळे, हंबीररावांच्या जागेत. परवा बनाबाईच्या घरी येतोय. तू बरोबर चल. एकट्यानं तिच्या दारात उभं राहायचं मला धाडस होईना.

तुझा राजवीर