तपासनीस आले, पण पाहुणे म्हणून

ती. ताईस,

नमस्कार. हात जोडलेत, पण दातओठ खातोय. राग तुझ्यावर नाही, निदान पत्राच्या या बाजूला तरी नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं पित्त? त्यांना सांग, माझंही हल्ली खवळलेलंच असतं.

आईचं विचारशील. तिचं श्वासाचं मशीन दिवसभर विजेवर चालतं. बिल पाहिल्यापासून आमची पाठ फिरली की ती ते बंद करते. विचारलं तर म्हणते, त्यालाही जरा विसावा नको का. ओठ निळे पडेपर्यंत विसावा. सरकार कमी उत्पन्नाच्या घरांना निम्म्या दरात वीज देतं ना, म्हणून त्या सवलतीचा अर्ज केला. (त्यालाही तीन खेपा. खिडकीतल्या बाईंना माझा फोटो हसरा वाटला. गरजू माणूस असा दिसत नाही म्हणे. बॅगांच्या चेनी बसवून पोट भरणाऱ्याने फोटोत रडावं, असा नियम कुठे लिहिलाय ते मात्र दाखवेनात.)

मग कळलं, तपासनीस घर बघायला येणार. ताई, इथेच माती खाल्ली. घरी माणूस येणार एवढंच तुझ्या भावजयीने ऐकलं. शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या गादीच्या खुर्च्या आणल्या, खालच्या मजल्यावरचे पडदे आणले, कुणाचे तरी सोनेरी काठाचे कप आणले. मी ओरडलो, अगं, तो आपली गरिबी बघायला येतोय. तर म्हणाली, म्हणून काय त्याला पत्र्याच्या डब्यावर बसवू? आईने तर कहर केला. आलेल्या माणसासमोर आजारपण कशाला म्हणून मशीन बंद करून त्यावर भरतकामाची चादर टाकली आणि खोकला दाबून बसली. आजारी कोण, असं विचारल्यावर म्हणाली, मी ठणठणीत आहे. आणि मी? धंदा कसा आहे विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, तुमच्या कृपेने उत्तम. जीभ हासडून टाकावीशी वाटली. तेवढ्यात शिक्षिकाबाई खुर्च्या न्यायला आल्या आणि आमची लाज राखायला म्हणाल्या, तुमच्या दोन खुर्च्या जरा नेऊ का? तपासनिसांनी दोन कप चहा प्यायला आणि कागदावर लिहिलं, परिस्थिती समाधानकारक, शेजाऱ्यांनाही मदत करतात.

त्या कागदाचा असा संताप येतो की काय सांगू. आणि त्याहून आमचा तिघांचा. घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

तुझा धाकटा

ता. क. फेरतपासणी होईल, पण नोकरीतल्या जवळच्या नातलगाने लिहून द्यायला हवं की या घरची परिस्थिती खरोखर ओढगस्तीची आहे. म्हणजे भाऊजींनी. आता तुझ्यावरचा राग. लग्नापासून तू त्यांना सांगत आलीस की भावाचा बॅगांचा कारखाना आहे. लांब राहता म्हणून खपून गेलं. (कारखाना म्हणजे एक स्टूल, दोन सुया आणि मी.) तूच त्यांना खरं काय ते सांग, आजच सांग. काल दुपारीही मशीन बंद होतं. आपल्याला लाजत बसायला आता वेळ नाही.

आणखी एक. भाऊजी कागद घेऊन स्वतः येणार असतील तर दोन दिवस आधी कळव. शिक्षिकाबाईंना खुर्च्यांचं सांगून ठेवलंय. या वेळी मीच जाऊन आलो.